आवश्यकता-प्रतिमानांची मुक्त साधने : एक ऐतिहासिक आलोचन

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठद या गावी एखादा खातेदार मरण पावला, म्हणजे त्याच्या जमिनीवर वारसांची नावे लागण्याचा जो व्यवहार घडतो, त्याचा क्रम महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १४९ व १५० मध्ये सांगितलेला आहे. वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास वर्दी द्यावयाची. तलाठ्याने फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंद घ्यावयाची. तिची प्रत चावडीवर लावून हितसंबंधितांस लेखी कळवावयाचे. कोणी हरकत घेतल्यास ती वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत उतरवावयाची. आणि वादाचा निर्णय झाल्यावर अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावयाची. या क्रमात कर्ते आहेत, कृती आहेत, नोंदीच्या अवस्था आहेत आणि एका अवस्थेतून दुसरीत जाण्यावरचे निर्बंधही आहेत. सॉफ्टवेअरच्या शास्त्रात अशाच रचनेला आवश्यकतांचे प्रतिमान म्हणतात.

हा क्रम कागदावर होता तोपर्यंत तो वाचणे, त्यावर बोट ठेवणे आणि हरकत घेणे खातेदारास शक्य होते. तोच व्यवहार संगणकावर आला म्हणजे त्याचा क्रम आज्ञावलीच्या पोटात जातो. अशा वेळी आवश्यकता कोणत्या चिन्हलिपीत मांडल्या गेल्या, ती लिपी लिहिण्याचे साधन कोणाच्या हाती आहे आणि ते कोणास वाचता येते, हे प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाहीत. आवश्यकता-प्रतिमानांच्या साधनांचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

सॉफ्टवेअर-अभियांत्रिकी हे नाव १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या नाटो परिषदेमुळे रूढ झाले. त्याच सुमारास मिशिगन विद्यापीठात डॅनियल टाइकरो यांनी ‘आयएसडीओएस’ हा प्रकल्प हाती घेतला. त्यातून ‘पीएसएल’ ही आवश्यकता मांडण्याची भाषा आणि ‘पीएसए’ हे तिचे विश्लेषण करणारे साधन निर्माण झाले. एखाद्या माहितीचा उपयोग सांगितला आहे, परंतु तिचा उगम सांगितलेला नाही, असे दोष हे साधन शोधून देई. जानेवारी १९७७ मध्ये अमेरिकेतील विद्युत व इलेक्ट्रॉनिक अभियंत्यांच्या संस्थेच्या सॉफ्टवेअरविषयक नियतकालिकात या पद्धतीचे विवेचन आले. त्याच अंकात डग्लस रॉस यांनी चौकटी आणि बाण यांच्या साहाय्याने विचार मांडण्याची आपली पद्धतीही प्रसिद्ध केली. ज्याला यंत्र बांधावयाचे आहे आणि ज्याच्यासाठी बांधावयाचे आहे, त्या दोघांनाही वाचता यावी अशी भाषा हवी, हा या दोन्ही प्रयत्नांचा गाभा होता.

पुढील दोन दशकांत चिन्हलिप्यांचा सुकाळ झाला. अखेर ग्रेडी बूच, जेम्स रंबॉ व ईव्हार याकोबसन यांच्या पद्धतींचा मेळ घालून बनलेली ‘यूएमएल’ ही भाषा ओएमजी या मानक-संस्थेने नोव्हेंबर १९९७ मध्ये स्वीकारली. लिपी सार्वजनिक झाली. तथापि तिची प्रमुख साधने विकाऊच राहिली. महाराष्ट्रातील नामांकित प्रयत्नही याच काळातला आहे. पुणे येथे १९८१ मध्ये टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र स्थापन झाले. येथील संशोधकांनी प्रतिमानापासून थेट आज्ञावली निर्माण करण्याच्या पद्धतीवर दीर्घकाळ काम केले आणि ‘मास्टरक्राफ्ट’ हे साधन त्यातून पुढे आले. विनय कुलकर्णी व श्रीधर रेड्डी यांचा या विषयावरील लेख २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका प्रतिमानाचे दुसऱ्यात रूपांतर करण्याच्या ‘क्यूव्हीटी’ या मानकाच्या घडणीतही टाटा कन्सल्टन्सीचा सहभाग होता. ज्ञान लेखांतून व मानकांतून सर्वांस मिळाले. साधन मात्र संस्थेच्या व्यवसायाचा भाग राहिले. व्यवसायाच्या दृष्टीने हे स्वाभाविकच होते. परंतु विद्यापीठीय वर्गाला व जिल्ह्याच्या कचेरीला त्याचा प्रत्यक्ष उपयोग होणे त्यामुळे कठीण होते.

ही उणीव भरून काढण्याचा आरंभ विद्यापीठांतून झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत जेसन रॉबिन्स यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘आर्गोयूएमएल’ हे साधन तयार केले व त्याची मूळ संहिता खुली केली. आकृती रेखाटत असतानाच तिच्यातील वैगुण्ये दाखवून देणारे ‘समीक्षक’ हे त्याचे वैशिष्ट्य होय. २००१ मध्ये आयबीएमने ‘एक्लिप्स’ची संहिता खुली केल्यावर अशा साधनांना समान पाया मिळाला. एरिक यू यांनी टोरांटो येथे १९९५ मध्ये मांडलेली, कर्त्यांची उद्दिष्टे व त्यांचे परस्परावलंबन दाखविणारी ‘आय-स्टार’ पद्धती ‘ओपनओएमई’मध्ये उतरली. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मान्य केलेल्या आवश्यकता-लिपीसाठी ओटावा येथे ‘जेयूसीएमनॅव्ह’ तयार झाले. एका साधनातील आवश्यकता दुसऱ्यात नेण्यासाठी ‘रेक्यूआयएफ’ हे स्वरूप ओएमजीने २०११ मध्ये मानक ठरविले. त्यावर आधारलेले ‘प्रोआर’ हे मुक्त साधन मिखाएल यास्ट्राम यांच्या प्रयत्नाने उभे राहिले. २०१४ मध्ये थालेस या फ्रेंच उद्योगाने आपले ‘कॅपेला’ हे साधनही खुले केले. म्हणजे प्रथम लिपी मुक्त झाली, नंतर लेखणी, आणि त्यानंतर लिहिलेले एकमेकांस देण्याची रीत.

या मुक्ततेचे मोल केवळ फुकटेपणात नाही, हे रिठदच्या उदाहरणावरून ध्यानी येईल. हितसंबंधितांस लेखी कळवावे, हे कायद्याचे वाक्य घ्यावे. एक वारस मजुरीनिमित्त पुण्यास राहतो असे मानू. नोटिशीची मुदत ती पाठविल्याच्या दिवसापासून मोजावी की पोचल्याच्या दिवसापासून? दोन आज्ञावल्या दोन उत्तरे गृहीत धरू शकतील आणि दोघीही त्या वाक्याला धरूनच आहेत असे भासेल. एकीमध्ये पुण्यातील वारसाची हरकत वेळेत येईल, दुसरीमध्ये नोंद आधीच प्रमाणित झालेली असेल. अवस्थांची आकृती काढली असता हा भेद उघड होतो, कारण प्रत्येक बाणावर त्याची अट लिहावीच लागते. हरकत प्रलंबित असता प्रमाणित अवस्थेकडे जाणारा बाण असू नये, हेही तेथे एका दृष्टिक्षेपात तपासता येते. तथापि ही तपासणी खातेदार, वकील, तलाठी अथवा विद्यार्थी यांपैकी कोणास करावयाची असेल, तर आकृती उघडण्याचे साधन त्याच्यापाशी असले पाहिजे.

महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू होऊन गाव नमुना बारामधील पिकाची नोंद मोबाइलवरून स्वतः शेतकऱ्याने करण्याची सोय झाली. प्रतिमानाच्या भाषेत हा बदल लहान नाही: पूर्वी जो नोंदीचा विषय होता, तोच आता नोंदीचा कर्ता झाला. ज्याच्यावर लिहिण्याचे दायित्व आले, त्याला त्या लेखनाचे नियम वाचता यावेत, ही अपेक्षा त्यातूनच उद्भवते.

भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. परंतु साधन मुक्त असले म्हणजे प्रतिमान मुक्त होते असे नाही. मुक्त साधनाने काढलेली आकृतीही कपाटात बंद राहू शकते. शिवाय आकृतीतील शब्द परभाषेत असतील, तर ती चावडीवर लावूनही न लावल्यासारखीच. ‘प्लँटयूएमएल’सारख्या साधनात आकृती साध्या मजकुरातून निर्माण होते व तो मजकूर देवनागरीत लिहिता येतो, अर्थात तांत्रिक अडसर आता फारसा उरलेला नाही. उरले आहे ते फेरफार, हरकत, वर्दी, प्रमाणन या महसुली व्यवहारात रुळलेल्या शब्दांना प्रतिमानात त्यांचे स्थान देण्याचे काम. ते शब्द मराठीने घडविले आणि शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या वापरले आहेत. फेरफाराची प्रत चावडीवर लावावी असे म्हणणाऱ्या कायद्याचा जो हेतू, तोच फेरफाराच्या आज्ञावलीच्या प्रतिमानालाही लागू पडतो.