चेतक, लूना आणि 'टिकाऊ' या शब्दाचा छोटासा इतिहास

१९७२ हे साल मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दुष्काळाचं साल. सुकडी, मिलो ज्वारी आणि खडी फोडायची कामं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना जन्मसाल विचारलं तर आकडा येत नाही, 'दुष्काळात मी चालायला लागलो होतो' असं उत्तर येतं. याच १९७२ साली पुण्याजवळ आकुर्डीच्या बजाज ऑटोने 'चेतक' स्कूटर आणली आणि अहमदनगरच्या (म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या) कायनेटिक इंजिनिअरिंगने 'लूना'. बीड जिल्ह्यातली माणसं दुष्काळी कामांवर रस्ते करत होती, तेव्हाच शेजारच्या जिल्ह्यात त्या रस्त्यांवर पुढे धावणारी गाडी तयार होत होती. निव्वळ योगायोग. पण इतिहासात असे योगायोग सापडले की माझा रविवार बरा जातो.

हे सगळं आठवायचं कारण माझा मामेभाऊ. तो तलवाड्याला राहतो. तलवाडा म्हणजे गेवराई तालुक्यातलं त्वरिता देवीचं गाव. हा रोज तिथून तालुक्याला कामाला जातो. पेट्रोल परवडत नाही म्हणून कापसाचे पैसे आले की इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची असं त्याचं चाललंय. मला म्हणाला, "दादा, तू कॉम्प्युटरमधला माणूस. टिकाऊ कोणती ते सांग. वाटेत बंद पडली तर खाडा पडतो." मी लगेच सवयीप्रमाणे एक तक्ता करायला घेतला : बॅटरी किती, रेंज किती, किंमत किती. अर्ध्यात लक्षात आलं की 'टिकाऊ' नावाचा रकानाच त्यात भरता येत नाही. मग मागे जाऊन बघायला लागलो, की ज्या गाड्यांना आपण टिकाऊ म्हणत आलो त्या नेमक्या कशामुळे टिकल्या?

चेतकपासूनच सुरुवात करू. बजाज आधी इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत असे. तो करार पुढे चालू राहिला नाही, मग त्याच घडणीची पण आपल्या नावाची स्कूटर आली, राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव घेऊन. लायसन्स राजचा काळ. किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवणार. त्यामुळे नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं थांबायची. आज नंबर लावला तर मुलाच्या लग्नात स्कूटर मिळेल, हा विनोद तेव्हा फारसा विनोद नव्हता. मागणी इतकी की राज्य सरकारच्या महामंडळाने बजाजबरोबर 'महाराष्ट्र स्कूटर्स' ही कंपनी काढून साताऱ्यात 'प्रिया' बनवायला घेतली.

आता गंमत बघा. ही चेतक काही न बिघडणारी गाडी नव्हती. उलट सारखी बिघडायची! सकाळी आडवी केल्याशिवाय किक घ्यायची नाही. प्लगमध्ये काजळी. क्लचची वायर तुटायची ती नेमकी चौकात. पण या प्रत्येक रोगाला इलाज होता आणि तो कोपऱ्यावर मिळायचा. प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, हे डॉक्टरपासून मास्तरांपर्यंत सगळ्यांना यायचं. वायर दहा-वीस रुपयांत मिळायची. पंक्चर झालं तर स्टेपनी होतीच. इंजिन उघडायला पान्यांचा एक संच पुरत असे. पंधरा-वीस वर्षं एकच स्कूटर वापरणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्या स्कूटरचा निम्मा टिकाऊपणा आकुर्डीला तयार झाला, निम्मा मिस्तरीच्या टपरीत.

लूनाची तऱ्हा आणखी निराळी. पन्नास सीसीचं इंजिन, वजनाला हलकी, आणि सायकलसारखे पायंडल. पेट्रोल संपलं तर पायंडल मारत घरी. आमच्या धंद्यात याला 'ग्रेसफुल डिग्रेडेशन' म्हणतात : सिस्टीम कोसळली तरी एकदम झोपू नये, निदान थोडंफार काम करत राहावं. मोठमोठ्या मीटिंगांमध्ये आम्ही ज्याच्यावर डोकं फोडतो, ते लूनाने दोन पायंडलांत करून दाखवलं होतं :)

तरीही खेड्यात खरी सत्ता लूना-चेतकची नव्हे. १९८६ साली बजाजची एम-८० आली आणि दूधवाले, फेरीवाले, मास्तर मंडळी तिच्यावर बसली. कारण साधं आहे, चाक. स्कूटरचं चाक दहा इंची. खड्डा आला की सगळं चाकच त्यात उतरतं. चाक मोठं असलं की तोच खड्डा निम्मा वाटतो. काळ्या मातीच्या पट्ट्यात पावसाळ्यात रस्ते फुगतात, उन्हाळ्यात भेगाळतात, वर गळिताच्या हंगामात उसाचे ट्रॅक्टर त्यांची आणखी वाट लावतात. पुढे हिरो होंडासारख्या फोर-स्ट्रोक मोटरसायकली पसरल्या आणि ग्रामीण भागात स्कूटर मागे पडली. नोव्हेंबर १९८५ मध्ये औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग उद्घाटनाला आले होते. कारखाना आला की त्याच्या आगेमागे सुटे भाग बनवणारे येतात, आयटीआयची पोरं कामाला लागतात, त्यातली काही परत येऊन गॅरेज टाकतात. टिकाऊपणा पसरतो तो असा. जाहिरातीतून नाही पसरत.

२००९ च्या अखेरीस बजाजने स्कूटर बनवणंच थांबवायचं ठरवलं. पण एव्हाना इलेक्ट्रिकची पहिली लाट येऊन गेली होती... म्हणजे येत होती आणि फुटतही होती. ही लाट आज फारशी कुणाला आठवत नाही, आणि मामेभावाच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर तिच्यातच आहे.

२००६ च्या सुमारास गुजरातच्या इलेक्ट्रोथर्म कंपनीची 'योबाईक' आली, मग आणखी बऱ्याच आल्या. नियम असा होता (आजही आहे) की मोटर पाव किलोवॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर नोंदणी नको, लायसन्स नको. त्यामुळे गाड्या त्या चौकटीत बसवल्या गेल्या. आत शिसं-आम्लाची बॅटरी, इन्व्हर्टरची असते त्याच जातीची. पूर्ण उतरवून पुन्हा भरायची असं साधारण तीनेकशे वेळा केलं की ती थकते. रोज चार्ज करणाऱ्या माणसाला म्हणजे एक वर्ष! नवी बॅटरी घ्यायची तर गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा गेला. त्यात तो काळ भारनियमनाचा. खेड्यांत तासन्‌तास वीज नाही, आली तर व्होल्टेज नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने अनुदान सुरू केलं, मार्च २०१२ ला ते संपलं, आणि विक्री कोसळली. कित्येक छोट्या कंपन्या गुंडाळल्या. ज्यांनी गाड्या घेतल्या होत्या त्यांच्याकडे उरला एक सांगाडा. त्याचा चार्जर मिळेना, कंट्रोलर मिळेना. कोपऱ्यावरचा मिस्तरी झाकण उघडून बघायचा आणि पुन्हा लावून टाकायचा.

हे आधीच ओळखणारी माणसंही महाराष्ट्रातच होती. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी १९९० च्या दशकात सायकलरिक्षावर काम सुरू केलं. आधी गिअर वगैरे सुधारून तीच रिक्षा हलकी केली, मग मोटर जोडली, मग पूर्ण विजेवर चालणारी तीनचाकी 'इलेक्शा' केली. रस्त्यांवर ई-रिक्षांची गर्दी व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. २००२ साली 'करंट सायन्स'मध्ये त्यांनी त्यावर लेखही लिहिला. (२०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.) मला जास्त आवडतो तो त्यांचा दुसरा आग्रह, की ऊर्जेचा विचार तालुका हा घटक धरून करावा. आपण गाडीचा विचार करताना देशाचा बाजार बघतो, पण गाडी बंद पडते ती तालुक्यात. तिला दुरुस्त करणारा माणूसही तालुक्यातच लागतो.

आता दुसऱ्या लाटेकडे. जानेवारी २०२० मध्ये चेतक परत आली, विजेवर, पत्र्याच्या अंगासह. सुरुवातीला पुणे आणि बेंगळुरूत. फेब्रुवारी २०२४ मध्ये कायनेटिक ग्रीनने ई-लूना आणली. सोळा इंची चाकं, दोन युनिटची बॅटरी, तासाला जेमतेम पन्नास किलोमीटर वेग. म्हणजे १९७२ ची दोन्ही नावं पुन्हा रस्त्यावर. त्यांच्याबरोबर दक्षिणेतल्या नव्या-जुन्या कंपन्यांच्या गाड्याही आहेतच. या खेपेला बॅटरी लिथियमची. तिचं गणित पार वेगळं आहे. गाडीची खरी रेंज ८०-९० किलोमीटर धरली आणि बॅटरीने हजारेक पूर्ण चार्ज झेलले, तरी हिशोब ऐंशी हजार किलोमीटरवर जातो. खर्च म्हणाल तर शंभर किलोमीटरला साधारण तीन युनिट वीज.

पण लिथियमचा राग वेगळा असतो. २६ मार्च २०२२ रोजी पुण्यात लोहगाव भागात उभ्या स्कूटरने पेट घेतला, त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. त्या उन्हाळ्यात अशा आणखी काही घटना घडल्या. मग बॅटरीच्या सुरक्षेचं 'एआयएस-१५६' हे मानक कडक केलं गेलं आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. अशा चाचण्या करणारी मोठी संस्था, एआरएआय, पुण्यातच आहे. आपल्याला त्यातून घ्यायचं ते एवढंच, की मार्च २०२३ च्या आधीची जुनी गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून भुलू नये.

तर या पन्नास वर्षांतून तलवाड्यापुरतं काय हाती लागतं?

एक, मिस्तरी. गाडी बघायच्या आधी त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर बघावं. गेवराईत आहे का? नाही तर बीडला? तिथे जाऊन दारात उभ्या गाड्या मोजाव्यात. एखाद्या मालकाला विचारावं, किती दिवस झाले, कशासाठी थांबलाय? कंट्रोलर किंवा चार्जर यायला पंधरा दिवस लागत असतील तर ती गाडी शोरूममध्ये कितीही चमको, आपल्यासाठी टिकाऊ नाही.

दोन, चाक. बारा इंची किंवा त्याहून मोठं, पुढे-मागे दमदार शॉकॲब्सॉर्बर, बॅटरीचा तळ जमिनीपासून उंच. एम-८० चा धडा.

तीन, बॅटरी. रोज जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर धरले तर तीनशे दिवसांत पंधरा हजार होतात. बऱ्याच कंपन्यांची मूळ वॉरंटी तीन वर्षं किंवा पन्नास हजार किलोमीटर असते, म्हणजे दोन्ही मर्यादा जवळपास एकदमच संपणार. पैसे देऊन ती वाढवता येत असेल तर वाढवावी, इथे काटकसर करू नये. बॅटरी किती टक्के उतरली म्हणजे बदलून देणार, ते लेखी बघावं. कागदावरच्या रेंजची पाऊण धरावी आणि ती रोजच्या अंतराच्या दीडपट तरी असावी. कारण एखाद्या रात्री वीज जातेच. एलएफपी रसायनाची बॅटरी मिळत असेल तर चांगलं. ती जड असते, पण जास्त वेळा चार्ज होते आणि उन्हाळा जरा बरा सोसते. बीडच्या मे महिन्यात गाडी दिवसभर उन्हात उभी करू नये, आणि तापलेली असताना लगेच चार्जिंगला लावू नये.

चार, अर्थिंग. घरच्या प्लगला नीट अर्थिंग नसेल तर आधी वायरमन बोलवावा, मग स्कूटर.

पाच, सॉफ्टवेअर. हे सांगताना पोटावर पाय येतो, पण सांगतो. ॲप नसलं, नेटवर्क नसलं, कंपनीचा सर्व्हर झोपला, तरी गाडी चालू झाली पाहिजे. शोरूममध्ये मोबाईल बंद करून चालवून बघावी. लूनाचे पायंडल आता मिळणार नाहीत, निदान साधी चावी तरी असावी.

आणि अनुदान बघून कंपनी निवडू नये. २०१२ मध्ये ते एकदा संपलं, जून २०२३ मध्ये निम्म्याहून खाली आलं. अनुदान खरेदीच्या दिवसापुरतं असतं, गाडी मात्र त्यानंतर सात-आठ वर्षं चालवायची असते.

मामेभावाला मी कंपनीचं नाव सांगितलं नाही. हे पाच प्रश्न पाठवले आणि म्हटलं, ज्या गाडीचा पहिला प्रश्न पास होईल तिचेच पुढचे चार बघ. महाग-स्वस्त नंतर.

खरी अडचण पुढची आहे. आज इलेक्ट्रिक गाडीचं झाकण बहुतेक फक्त कंपनीचा माणूस उघडतो, कारण निदान करायचं सॉफ्टवेअर त्याच्याच लॅपटॉपवर असतं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राईट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक व्हेईकल मेकॅनिकचा ट्रेडही आला. ही दोन्ही पावलं बरोबर दिशेची आहेत, पण अजून लहान आहेत. चेतक टिकाऊ ठरली त्यात तिच्या पत्र्याइतकाच वाटा गावोगावच्या काळ्या हातांचा होता. ज्या दिवशी गेवराईच्या स्टँडजवळचा एखादा मिस्तरी मल्टीमीटर लावून म्हणेल, "कंट्रोलर गेलाय, उद्या संध्याकाळी घेऊन जा," त्या दिवसापासून इलेक्ट्रिक स्कूटरला टिकाऊ म्हणायला माझी हरकत नाही.