पिवळी फरशी

मेट्रोच्या प्लॅटफॉर्मवरची ती पिवळी, खडबडीत फरशी बघितली असेलच. 'या रेषेपुढे उभं राहू नका', एवढाच तिचा अर्थ असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर ती दोन शब्दांची भाषा आहे. लांबट पट्ट्या म्हणजे 'चालत राहा' आणि गोल ठिपके म्हणजे 'सावधान'. वाचायची पांढऱ्या काठीने, नाहीतर बुटाच्या तळव्याने!

ही भाषा जपानमधल्या ओकायामा शहरातली. सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये, दृष्टी जात चाललेल्या एका मित्रासाठी ही फरशी शोधून काढली. १८ मार्च १९६७ ला ती तिथल्या अंधशाळेजवळ रस्त्यावर पहिल्यांदा बसली. १९७० पासून जपानच्या रेल्वे स्टेशनांवरही दिसू लागली, पण सगळीकडे नाही.

१९७३ मध्ये टोकियोच्या ताकादानोबाबा स्टेशनवर एक अंध प्रवासी रुळांवर पडला आणि गाडीखाली गेला. त्या प्लॅटफॉर्मवर ही फरशी नव्हती. घरच्यांनी रेल्वेवर दावा लावला. प्रश्न साधा होता: चूक पडणाऱ्याची की प्लॅटफॉर्मची? तडजोड व्हायला १९८६ साल उजाडलं.

फरशी आली तरी एक बग राहिलाच. ठिपके 'धोका' सांगतात, पण कुठल्या बाजूला ते सांगत नाहीत. गर्दीत धक्का लागून माणूस गरकन फिरला, की रूळ डावीकडे की उजवीकडे? यावरचा उपाय मला फार आवडतो. ठिपक्यांच्या आतल्या बाजूला एक उंच रेघ वाढवली. रेघ ज्या बाजूला, ती बाजू सुरक्षित. ना बॅटरी, ना सॉफ्टवेअर :)

पण खरं काम पुढेच होतं. ठिपक्यांचे आकार, त्यांच्यातलं अंतर गावोगावी वेगळं होतं. जपानचं राष्ट्रीय मानक आलं २००१ मध्ये, म्हणजे पहिली फरशी बसल्यावर ३४ वर्षांनी. आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये.

आम्ही आयटीवाले नव्या शोधाचं कौतुक करतो, स्टँडर्डचं डॉक्युमेंट म्हटलं की जांभया देतो. इथे मात्र माणूस एकटा प्रवास करू शकतो तो त्या डॉक्युमेंटच्या भरवशावर. आपल्याकडच्या फुटपाथवर हीच पट्टी कधी थेट खांबावर जाऊन आदळते, कधी तिच्यावर बाईक उभी असते. अशी पट्टी नसलेलीच बरी, कारण तिच्यावर विश्वास ठेवणारा माणूस तोंडावर आपटतो.

असो. पुढच्या वेळी मेट्रोची वाट बघताना बॅग तेवढी पट्टीवरून बाजूला ठेवा.