तबकडी टिकते, यंत्र थकते

कपाटात सीडींची चळत आहे, पण त्या लावायला चालू प्लेअर नाही, अशी घरे पनवेलमध्येच काय, महाराष्ट्रात कुठेही सापडतील. तो जुना प्लेअर भंगारवाल्याच्या हाती देण्याआधी एकदा उघडून पाहावा, एवढेच आज सांगायचे आहे. त्यासाठी थोडे मागे जाऊ.

८ मार्च १९७९ रोजी हॉलंडमधील आइंडहोवन येथे फिलिप्स कंपनीने प्रकाशकिरणाने वाचली जाणारी ध्वनीची छोटी तबकडी पत्रकारांना दाखवली. पुढे जपानची सोनी कंपनी तिला येऊन मिळाली आणि १९८० मध्ये दोघींचे मानक ठरले. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप आणि प्रत्येक माप १६ बिटांचे, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवरचे. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेअर जपानमध्ये विक्रीला आला. किंमत होती १,६८,००० येन.

मानक एकच असले तरी त्यातून आवाज काढण्याच्या रीती दोन झाल्या. जुन्या प्लेअरांच्या तुलनेचा वाद इथूनच सुरू होतो. सोनीने आकड्यांचा आवाज करणारा १६ बिटांचा एकच कन्व्हर्टर घेतला आणि तो डाव्या-उजव्या बाजूंसाठी आळीपाळीने वापरला. त्यामुळे दोन बाजूंत सेकंदाच्या ८८,२०० व्या भागाइतके अंतर पडे. फिलिप्सजवळ तयार होता तो टीडीए १५४० हा १४ बिटांचा कन्व्हर्टर. त्यांनी तूट गणिताने भरून काढली. मापांची संख्या चौपट, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० केली आणि उरलेली चूक कानाला ऐकू न येणाऱ्या वरच्या पट्टीत ढकलली. १९८५ च्या सुमारास त्यांचा १६ बिटांचा टीडीए १५४१ आला. मारांट्झसह अनेक कंपन्यांच्या प्लेअरांत तो बसला. आजही शौकीन मंडळी झाकण उघडले की आधी याच आयसीचा नंबर शोधतात.

आपल्याकडे त्या काळात परदेशी यंत्रांवर जबर आयातशुल्क होते. रायगड-रत्नागिरीतील अनेक जण आखातात नोकरीला होते. सुट्टीवर येताना ते सामानात म्युझिक सिस्टीम आणत, आणि गोव्याचा व पुण्याचा रस्ता जिथे फुटतो त्या पनवेलवरून ती गावोगावी जाई. जपानच्या घरगुती बाजारासाठी बनलेले यंत्र मात्र १०० व्होल्टचे आणि आपली वीज २३० व्होल्टची. थेट जोडले तर ट्रान्सफॉर्मर जळालाच म्हणून समजा. अशा यंत्रात करावी लागणारी पहिली सुधारणा आवाजाची नव्हती, विजेची होती. १९९८ मध्ये हार्बर लोकल पनवेलपर्यंत आली आणि सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठणे सोपे झाले.

आता तुलनेबद्दल. दोन प्लेअर आलटून पालटून लावले आणि 'हा जास्त मोकळा वाजतो' असे म्हटले, तर ती परीक्षा नव्हे. सीडी प्लेअरचे नेहमीचे आउटपुट सुमारे २ व्होल्टचे. एकाने २ आणि दुसऱ्याने २.३ व्होल्ट दिले, तर फरक १.२ डेसिबलचा पडतो. एवढ्या फरकाला कान 'मोठा' म्हणत नाही, 'स्पष्ट' म्हणतो! म्हणून चाचणीचा स्वर लावून मीटरने दोन्ही पातळ्या सारख्या कराव्यात. एकाच सीडीच्या दोन प्रती घ्याव्यात, बटण दुसऱ्याच्या हाती द्यावे आणि पंधरा-वीस वेळा ओळखून लिहून काढावे. निम्मीच उत्तरे बरोबर आली, तर तो छापा-काटा झाला. तानपुऱ्याची विरत जाणारी आस आणि तबल्याची चाट या दोन जागी खरा फरक असला तर लवकर सापडतो.

सुधारणेचेही तसेच आहे. आधी भिंगावरची धूळ, ट्रेचा सैल पट्टा, सुकलेले ग्रीस पाहावे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आतून सुकतात. कोकणातला दमट पावसाळा टाके आणि जोड खराब करतो. फिलिप्सच्या सुरुवातीच्या काही प्लेअरांत सर्किट बोर्डाच्या दोन बाजू जोडणारे बारीक रिवेट सैल होतात. तिथे नवे टाके घातले की 'मेलेला' प्लेअर वाजू लागतो. एवढे केल्यावर जो 'नवा' आवाज ऐकू येतो, तो बऱ्याचदा कारखान्यातून निघालेला मूळचाच असतो. ऑप-अँप बदलणे वगैरे हौस त्यानंतरची. एका वेळी एकच भाग बदलावा आणि काढलेला भाग जपून ठेवावा. लेझरचा स्क्रू पिळून प्रवाह वाढवू नये. चार दिवस वाचन सुधारते आणि लेझरचे आयुष्य घटते. चालू लेझरकडे डोळा नेऊ नये. तो किरण डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. टीडीए १५४१ च्या नकलाही बाजारात आहेत.

कुणी म्हणेल, सगळे इंटरनेटवर असताना हा खटाटोप कशाला? एचएमव्हीने 'चेअरमन्स चॉइस' मालिकेत जुन्या गायकांच्या ध्वनिमुद्रिका सीडीवर आणल्या होत्या. लहान प्रकाशकांनी खासगी मैफली काढल्या. त्यातले सगळेच पुन्हा निघाले नाही. संगणकावर त्यांची प्रत जरूर करून ठेवावी, सोबतची पुस्तिकाही जपावी, कारण साथीला कोण होते ते तिच्यातच असते.

पण प्रत केली तरी दुरुस्तीची विद्या वाचत नाही. वाल्व्हच्या रेडिओवर हात बसवून पुढे टेप आणि सीडीपर्यंत आलेले मेकॅनिक आता वयस्क झाले आहेत. आपल्या गावात असे कुणी अजून दुकान उघडत असतील, तर प्लेअर नुसता ठेवून येऊ नका. घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला त्यांच्याजवळ तासभर बसवा.