हृदयाच्या धमन्यांचें चित्र

हृच्छूलाचें मार्मिक वर्णन इंग्लंडांतील विल्यम हेबर्डन यांनीं १७६८ मध्यें केलें. परंतु त्या कळेचें मूळ असलेल्या धमन्या जिवंत माणसाच्या छातींत स्पष्ट दिसावयास पुढें जवळजवळ दोन शतकें जावीं लागलीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं आइन्थोव्हेन यांच्या यंत्रानें हृदयाच्या विद्युत्‌लहरी टिपल्या. त्यांवरून स्नायूस झालेली इजा कळे. अडथळा नेमका कोठें, हें कळेना. शिवाय रोगी स्वस्थ पडला असतां आलेख पुष्कळदां निर्दोषच!

१९२९ मध्यें जर्मनींत व्हेर्नर फोर्समान ह्या तरुण डॉक्टरानें स्वतःच्याच हाताच्या शिरेंतून हृदयापर्यंत नळी सरकविली. वाट सांपडली खरी. तरीहि हृदयास रक्त पुरविणाऱ्या धमनींत क्ष-किरणांत दिसणारें द्रव्य थेट सोडल्यास रोगी दगावेल, अशीच जाणत्यांची समजूत होती.

३० ऑक्टोबर १९५८ रोजीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड क्लिनिकमध्यें डॉ. मेसन सोन्स एका तरुणाच्या महाधमनीच्या झडपेची तपासणी करीत होते. नळीचें टोक नकळत उजव्या हृद्धमनींत शिरलें आणि द्रव्य तींत गेलें. हृदय थांबलें. सोन्स यांनीं रोग्यास खोकावयास सांगितलें. तो खोकला आणि ठोके पुन्हां सुरू झाले! दुसरा कोणी देवाचे आभार मानून स्वस्थ बसता. सोन्स यांनीं मात्र ताडलें कीं, हें द्रव्य बेतानें सोडल्यास हृदय तें सोसूं शकेल. व त्या कामाकरितां त्यांनीं निराळी नळी घडविली. १९६७ मध्यें त्याच संस्थेंत रेने फावालोरो यांनीं पायाच्या शिरेचा तुकडा जोडून अडथळा टाळण्याची शस्त्रक्रिया केली, ती अशाच चित्रांच्या आधारें.