औषध थांबवण्याचा प्रश्न : ल्युपसच्या उपचारांचा इतिहास

ल्युपस म्हणजे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर, सांध्यांवर व मूत्रपिंडांवर उलटण्याचा आजार. त्याच्या उपचारांचा इतिहास नव्या औषधांच्या आगमनाने मोजला जात असला, तरी औषध केव्हा थांबवावे या प्रश्नाचा इतिहासही तितकाच बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास आलेल्या स्टेरॉइडांनी रुग्णांचे आयुष्य वाढवले. मात्र हाडांची झीज व मोतीबिंदू यांसारखे दुष्परिणाम दिसू लागल्याने औषध कमी करण्याची निकड निर्माण झाली. 1991 साली कॅनडातील संशोधकांनी आजार स्थिर असलेल्या 47 रुग्णांपैकी 22 जणांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या त्यांच्या नेहमीच्या औषधाऐवजी औषधविरहित गोळी दिली, तेव्हा औषध चालू ठेवलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यात आजार उसळण्याचा धोका अडीच पट आढळला. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील अभ्यासात प्रेडनिसोन या स्टेरॉइडची 5 मिलिग्रॅमची मात्रा अचानक थांबवलेल्यांपैकी 27 टक्के, तर चालू ठेवलेल्यांपैकी केवळ 7 टक्के रुग्णांचा आजार वर्षभरात उसळला.

2011 साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या बेलिमुमॅबमुळे हाच प्रश्न जैविक औषधांपुढे, म्हणजे सजीव पेशींमध्ये तयार केलेल्या प्रथिनांपुढे, उभा राहिला. हे औषध प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी-पेशींना जगवणारे एक प्रथिन रोखते. रोगशमन, म्हणजे आजाराची सक्रिय लक्षणे नसलेली अवस्था, दीर्घकाळ टिकल्यावर उपचार टप्प्याटप्प्याने आणि प्रथम स्टेरॉइड कमी करावे, अशी युरोपीय तज्ज्ञांची 2023 ची शिफारस आहे. म्हणूनच बरे वाटते एवढ्यावरून कोणत्याही रुग्णाने परस्पर औषध सोडू नये.