हेडफोन ॲम्प्लिफायर, बॅलन्स्ड

डॅककडून (डिजिटल संगीताचे विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या यंत्राकडून) आलेला संकेत हेडफोन चालवण्याइतका सशक्त करणारे, घरच्या विजेवर चालणारे टेबलावरचे उपकरण. प्रत्येक कानासाठी परस्परविरुद्ध दिशेचे दोन संकेत वापरणाऱ्या प्रकाराला बॅलन्स्ड म्हणतात. या उपकरणाची आत येणारी बाजू आणि हेडफोनकडे जाणारी बाजू यांतली बॅलन्स्ड रचना वेगवेगळ्या कारणांसाठी असते. दुकानदार आणि जाहिराती दोन्हींची सरमिसळ करतात आणि निवडीतला बहुतेक गोंधळ तिथेच सुरू होतो.

आत येणारी बाजू : इथे प्रत्येक कानाच्या संकेतासाठी तीन पिनांचा एक्सएलआर जोड असतो. पहिली पिन आवरणाची, दुसरी धन, तिसरी ऋण. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने १९९२च्या मानकात हा क्रम पक्का केला; त्याआधीच्या काही यंत्रांत दुसरी आणि तिसरी पिन उलट सापडते. वाटेत शिरलेला गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसतो, ॲम्प्लिफायर दोन तारांमधला फरक तेवढा उचलतो आणि गोंगाट वजा होतो. त्यासाठी दोन्ही तारांवर समान आणि विरुद्ध संकेत असावाच लागतो असे नाही. दोन्ही तारांचा जमिनीच्या संदर्भातला इम्पीडन्स (बदलत्या विजेला होणारा विरोध) सारखा असला की पुरते. रंगमंचापासून मिक्सरपर्यंतच्या पन्नास मीटर केबलमध्ये या युक्तीवाचून चालत नाही. टेबलावर डॅक आणि ॲम्प्लिफायर यांच्यात अर्धा मीटर केबल असते, तिथे फायदा जाणवतो तो मुख्यतः अर्थिंगमुळे येणारी घरघर टाळण्यात. शिवाय पातळी वाढते : साध्या, अनबॅलन्स्ड आरसीए जोडावर साधारण २ व्होल्ट, तर एक्सएलआरवर ४ व्होल्ट मिळतात, म्हणजे ६ डेसिबल जास्त. दोन्ही जोड पाळीपाळीने ऐकून एक्सएलआर ‘अधिक खुला’ वाटला, तर आधी आवाजाची पातळी सारखी करून पुन्हा ऐकावे.

हेडफोनकडची बाजू : ६.३५ किंवा ३.५ मिलिमीटरच्या नेहमीच्या प्लगमध्ये दोन्ही कानांचा परतीचा मार्ग एकच असतो. बॅलन्स्ड जोडणीत चार स्वतंत्र तारा असतात आणि प्रत्येक तारेमागे एक विवर्धक असतो. एक विवर्धक ढकलतो तेव्हा जोडीतला दुसरा ओढतो. त्यामुळे कॉइलवर दुप्पट व्होल्टेज आणि तत्त्वतः चौपट शक्ती मिळते. पॉवर सप्लाय तेवढा करंट पुरवू शकला तरच. मात्र ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्सही दुप्पट होतो आणि स्वतःची खरखर थोडी वाढते. गोंगाट रद्द होण्याचा मुद्दा इथे जवळजवळ गैरलागू आहे, कारण इतक्या कमी इम्पीडन्सच्या आणि इतक्या मोठ्या संकेताच्या केबलमध्ये बाहेरचा गोंगाट मुळात शिरतच नाही.

व्हिएन्नाच्या एकेजी कंपनीच्या के१००० या हेडफोनला चार पिनांचा एक्सएलआर प्लग होता. तो स्पीकरच्या ॲम्प्लिफायरला जोडायचा असे. पुढे अमेरिकेतल्या हेडरूम कंपनीने ब्लॉकहेड या ॲम्प्लिफायरमधून खास हेडफोनसाठीची बॅलन्स्ड रचना शौकिनांपर्यंत नेली. आज टेबलावर चार पिनांचा एक्सएलआर (१ डावा धन, २ डावा ऋण, ३ उजवा धन, ४ उजवा ऋण) आणि ४.४ मिलिमीटरचा पेंटाकॉन हे दोन जोड रूढ आहेत. पेंटाकॉन जपानी मानकातून आला आणि २०१६ मध्ये सोनीने तो आपल्या उपकरणांत वापरला. २.५ मिलिमीटरचा बॅलन्स्ड जोडही असतो, पण तो नाजूक असतो. टेबलावरच्या यंत्रासाठी तो घेऊ नये.

निवड : सुरुवात हेडफोनच्या आकड्यांपासून करावी. सेनहायझर एचडी ६०० चा इम्पीडन्स ३०० ओहम आहे आणि १ व्होल्टला तो ९७ डेसिबल देतो. संगीतातल्या क्षणिक उसळीसाठी ११० डेसिबल धरले तर १३ डेसिबल आणखी हवेत, म्हणजे सुमारे ४.५ व्होल्ट. करंट फक्त १५ मिलिॲम्पिअर. हायफायमॅनचा एचई-६ हा प्लेनर मॅग्नेटिक हेडफोन ५० ओहमचा, १ मिलिवॅटला ८३.५ डेसिबल देणारा. त्याच पातळीला त्याला लागतात जवळपास तेवढेच, ४.७ व्होल्ट, पण करंट ९५ मिलिॲम्पिअरच्या घरात आणि शक्ती साडेचारशे मिलिवॅट. पहिल्याला व्होल्टेज पुरते, दुसऱ्याला करंटही लागतो. म्हणून ‘इतके वॅट’ हा एकटा आकडा निरुपयोगी आहे. किती ओहमवर, हे सोबत हवेच.

या हिशेबात बॅलन्स्ड सर्वांनाच लागत नाही हे उघड होते. २०११ मध्ये नाव गुप्त ठेवणाऱ्या एका अभियंत्याने ओ२ या साध्या, अनबॅलन्स्ड ॲम्प्लिफायरचा आराखडा जाहीर केला. तो सुमारे ७ व्होल्ट देतो, म्हणजे एचडी ६०० साठी हातचे राखून. बॅलन्स्ड घ्यावे ते एचई-६ सारखा हट्टी हेडफोन असेल तेव्हा, किंवा डॅक आणि स्टुडिओ मॉनिटर आधीच एक्सएलआरवर असतील तेव्हा. कानात घालायचे संवेदनशील इअरफोन असतील तर उलट पाहावे : कमी खरखर, कमी गेन (संकेत वाढवण्याचे प्रमाण) आणि हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या हिश्श्याहून कमी आउटपुट इम्पीडन्स. काही स्वस्त यंत्रांवर चार पिनांचे भोक असते, पण आत दोन्ही ऋण पिना सरळ जमिनीला जोडलेल्या असतात. साध्या आणि बॅलन्स्ड अशा दोन्ही आउटपुटची शक्ती एकच छापली असेल तर तसा संशय घ्यावा.

अमेरिकेतून कोणी आणून दिलेले यंत्र लावण्याआधी मागचा व्होल्टेजचा स्विच पाहावा. तो ११५ वर असताना आपल्याकडच्या २३० व्होल्टला जोडल्यास नशीब असेल तर फ्यूज वाचवतो, नाही तर ट्रान्सफॉर्मर जातो.

जोडणी : सर्व जोडण्या यंत्र बंद आणि व्हॉल्यूम शून्यावर असताना कराव्यात. बॅलन्स्ड आउटपुटला अडॅप्टर लावून त्यात साध्या प्लगचा हेडफोन कधीही खुपसू नये. तसे केल्यास डावा ऋण आणि उजवा ऋण हे दोन्ही चालू विवर्धक एकमेकांना भिडतात आणि यंत्र जळू शकते. उलटा अडॅप्टर, म्हणजे चार तारांचा हेडफोन साध्या आउटपुटला जोडणारा, निर्धोक असतो. आरसीएचा डॅक एक्सएलआरच्या इनपुटला जोडताना मधली तार दुसऱ्या पिनेला आणि परतीची तिसऱ्या पिनेला जाते. एक्सएलआर आउटपुटवरून आरसीएकडे जाताना तिसऱ्या पिनेचे काय करायचे ते आउटपुटच्या रचनेवर ठरते : ट्रान्सफॉर्मर असेल तर ती जमिनीला जोडावीच लागते, पुष्कळ इलेक्ट्रॉनिक आउटपुटमध्ये मोकळी सोडावी लागते. बाजारातली तयार केबल हे विचारत नाही. म्हणून आधी डॅकची माहितीपुस्तिका उघडावी.

सर्व जोडल्यावरही घरघर आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. आवाज थांबला तर वाट अर्थिंगची आहे. तीन पिनांच्या प्लगची अर्थपिन तोडण्याचा ‘उपाय’ आपल्याकडे सर्रास सांगितला जातो. तो जिवावर बेतू शकतो. संगणक आणि डॅक यांच्यात यूएसबीऐवजी ऑप्टिकल केबल लावावी. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे घरघरीचा तो मार्ग तुटतो.