खामगांवचे पाणी

कापसाच्या बाजारपेठेने खामगांवचे नाव विलायतेपर्यंत नेले. १८६७ साली तेथे नगरपालिका झाली. १८७० साली लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंबहून येणारा आगगाडीचा फाटा खुला झाला. गाव मात्र तहानलेलेच! जनुना येथील तलावाचे पाणी मिळावयास १८८६ साल उजाडले. रुईची सोय आधी आणि माणसांची मागाहून, हा क्रम आम्हांस आजही खटकतो. आमच्या लहानपणीदेखील उन्हाळ्यात घरातील स्त्रियांचा अर्धा दिवस विहिरीवर जात असे. पण पाण्याचा निर्णय होई त्या सभेत त्यांना विचारतो कोण? पुढे १९९२ च्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांत एकतृतीयांश जागा स्त्रियांस राखून ठेवल्या. आपल्या ज्ञातिभगिनींनी त्या जागांसाठी अवश्य उभे राहावे, अशी आमची विनंती आहे.